खेळाडूवर केस असेल तर खेळू द्यायचं का? नियम आधी करा, नाव नंतर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये दोन पत्रं शेजारी शेजारी आली होती. एकात म्हणणं होतं की खेळाडूवर गुन्हा दाखल झाला की त्याच दिवशी त्याला टीममधून काढा, देशाचा शर्ट अंगावर घालायचा त्याला हक्क नाही. दुसऱ्यात होतं की कोर्ट दोषी म्हणेपर्यंत माणूस निर्दोषच असतो, तोवर बोर्डानं मध्ये पडू नये, त्याला खेळू द्या. दोन्ही पत्रं मनापासून लिहिलेली वाटली, दोन्हीत खरं आहे, पण दोन्ही अर्धी आहेत असं मला वाटतं म्हणून हे लिहितोय. मी जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेत नोकरी करून रिटायर झालोय आणि त्याच्या आधीपासून आमच्या तालुक्यात कबड्डीच्या मंडळात आहे, आधी खेळलो मग कमिटीवर होतो, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी फक्त टीव्हीवरचा नाही.

पहिल्यांदा क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूचं सांगतो. १९९६च्या वर्ल्डकपला बंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध त्याने ९३ केले, आम्ही चाळीस-पन्नास जण एका घरात टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो आणि प्रत्येक चौकाराला आरडाओरडा चालला होता. त्या वेळी मला कोणी सांगितलंच नव्हतं की या माणसावर एका म्हाताऱ्याच्या मृत्यूची केस सुरू आहे. २७ डिसेंबर १९८८ला पतियाळात रस्त्यावर गाडीवरून भांडण झालं, त्यात गुरनाम सिंग नावाचे ६५ वर्षांचे गृहस्थ गेले. सिद्धू तेव्हा २५ वर्षांचा होता. त्यानंतर तो दहा वर्षं भारताकडून खेळला, १९८९चा पाकिस्तान दौरा खेळला, तो १९९६चा वर्ल्डकप खेळला, १९९९च्या जानेवारीत शेवटची टेस्ट खेळला आणि खालच्या कोर्टाचा निकाल आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे करिअर संपल्यावर! त्यात तो सुटला. मग २००६ला हायकोर्टानं दोषी धरून तीन वर्षं दिली, २०१८ला सुप्रीम कोर्टानं फक्त हजार रुपये दंड केला, आणि शेवटी मे २०२२ला फेरविचारात एक वर्षाची शिक्षा झाली तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. तेहतीस वर्षं लागली. त्या ९३ धावांच्या दिवशी गुरनाम सिंगांच्या घरात टीव्ही चालू असेल का आणि असेल तर त्यांना तो आवाज कसा वाटला असेल, हे माझ्या डोक्यात आलं ते २०२२ला, पेपरमध्ये निकाल वाचताना. तोवर नाही आलं. याचं मला वाईट वाटतं.

म्हणजे "निकाल लागेपर्यंत खेळू द्या" असं जेव्हा आपण भारतात म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा "करिअर संपेपर्यंत खेळू द्या" असा होतो. खेळाडूच्या करिअरचं वय दहा-बारा वर्षांचं आणि केसचं वय वीस-तीस वर्षांचं, हा हिशोब जुळतच नाही.

आता उलटी बाजू बघा. श्रीलंकेचा दनुष्का गुणतिलका, २०२२च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी वर्ल्डकप चालू असताना सिडनीत त्याला अटक झाली, एका महिलेनं लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. टीम मायदेशी गेली आणि हा तिथंच अडकला, देश सोडायची परवानगी नव्हती, त्यांच्या बोर्डानं लगेच निलंबित केलं. २८ सप्टेंबर २०२३ला सिडनीच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं आणि पुढच्या महिन्यात बोर्डानं बंदी उठवली. जवळपास अकरा महिने. मॅंचेस्टर सिटीचा फुटबॉलर बेंजामिन मेंडी, त्याला ऑगस्ट २०२१ला निलंबित केलं आणि पगारही थांबवला, तो २०२३ला दोन खटल्यांत मिळून सगळ्या आरोपांतून सुटला आणि मग स्वतःच्या थांबवलेल्या पगारासाठी क्लबविरुद्ध त्याला भांडावं लागलं, २०२४ला तिथल्या कामगार न्यायाधिकरणानं बराचसा पगार त्याला द्यायला लावला. तोवर टीममधल्या मित्रांकडून उसने पैसे घेऊन दिवस काढले असं त्याने सांगितलं होतं. एवढा मोठा फुटबॉलर, त्याची ही गत, तर आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या पोराचं काय होईल ते मी डोळ्यांनी बघितलंय.

ते सांगतो. मंडळाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. आमच्याकडं एक पोरगं होतं, डावा कोपरा, घोटा धरला की सुटायचा नाही असा. १९ वर्षांचा होता, जिल्हा निवड चाचणीत नाव आलं होतं. त्याच्या भावकीत बांधावरून भांडण झालं, कुऱ्हाड चालली, एकाच्या हाताला मोठी जखम झाली आणि आमच्याकडं जशी पद्धत आहे तसं तक्रारीत सगळ्या घराची नावं घातली, बाप, चुलते, आणि हा पण. ३२६ कलम. त्या संध्याकाळी तो आमच्याबरोबर दुसऱ्या गावात मॅचला होता, चाळीस माणसांनी बघितला होता, पण तक्रारीत नाव आलं ते आलं. मंडळानं मीटिंग घेतली आणि ठरवलं की मंडळाची बदनामी नको, याला बाजूला ठेवा. किती दिवस ठेवायचं ते कोणी बोललं नाही. सात वर्षांनी कोर्टानं सगळ्यांना सोडलं. तोवर तो २६चा झाला होता, खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीचा प्रयत्न केला होता तिथं चारित्र्य पडताळणीत केस दिसली आणि विषय संपला. आज टेम्पो चालवतो. मला भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, काका म्हणतो, आणि मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

आणि त्याच मंडळात, तीन-चार वर्षांच्या अंतरानं, दुसरा एक होता. चढाईला जबरदस्त, एका चढाईत तीन गडी उठवून आणायचा, शिवाय घरचं वजन होतं. गावातल्या कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीनं त्याच्यावर विनयभंगाची तक्रार दिली, पोलिसांनी चार्जशीट पण दाखल केलं. तेव्हा मीटिंगच झाली नाही! का, तर समोर मोठी स्पर्धा होती. तो खेळला, उत्कृष्ट चढाईपटूचं बक्षीस घेतलं, गावातून मिरवणूक निघाली आणि ती मिरवणूक त्या मुलीच्या घरावरून गेली. तिनं कॉलेज सोडलं. पुढं तडजोड झाली असं सांगण्यात आलं, कशी झाली ते कोणी विचारलं नाही. मी तेव्हा कमिटीवर होतो. मी काही बोललो नाही. हे मी इथं लिहितोय कारण दोन्ही वेळा निर्णय घेणारी माणसं तीच होती, केस बघून कोणी ठरवलं नाही, पोरगं किती कामाचं आहे आणि त्याच्या पाठीशी कोण आहे हे बघून ठरलं.

मोठ्या बोर्डांचं वेगळं असतं असं मला वाटायचं पण नाहीये. इंग्लंडचा बेन स्टोक्स घ्या. सप्टेंबर २०१७ला ब्रिस्टलमध्ये रात्री क्लबबाहेर मारामारी झाली, त्याच्यावर अजून आरोप ठेवलेला नव्हता, फक्त पोलीस तपास चालू होता, तरी बोर्डानं त्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अ‍ॅशेस मालिकेला नेलं नाही. ती मालिका ते चार-शून्यनं हरले. मग जानेवारी २०१८ला त्याच्यावर रीतसर आरोप ठेवला गेला, आणि दोनच दिवसांत बोर्डानं सांगितलं की आता तो खेळू शकतो! म्हणजे तपास चालू होता तेव्हा बाहेर आणि आरोप पक्का झाल्यावर आत. त्यांचं कारण होतं की खटल्याला किती वेळ लागेल माहीत नाही, तोवर थांबवणं अन्यायाचं होईल, ते कारण मला पटतं सुद्धा, पण मग ते सप्टेंबरात का नाही सुचलं? ऑगस्ट २०१८ला खटला चालला, त्यासाठी तो भारताविरुद्धची लॉर्ड्सची टेस्ट मुकला, १४ तारखेला निर्दोष सुटला आणि १८ला नॉटिंगहॅमला आपल्याविरुद्ध मैदानात होता. त्याला धरलं की सोडलं यावर माझा आक्षेप नाही, तो सुटला ते कोर्टानं ठरवलं. माझा आक्षेप असा की तिथंही आधी लिहिलेला नियम नव्हता, जशी वेळ येईल तसं ठरत गेलं.

नेपाळचं तर अजून अवघड झालं. संदीप लामिछाने, त्यांचा सगळ्यात नावाजलेला बॉलर आणि त्या वेळी कॅप्टन, २०२२ला एका तरुणीनं बलात्काराची तक्रार केली. सप्टेंबरात निलंबन, ऑक्टोबरात अटक, जानेवारी २०२३ला जामीन, आणि जामीन मिळाला की महिन्याच्या आत निलंबन मागे घेऊन तो परत टीममध्ये. त्या फेब्रुवारीत स्कॉटलंड आणि नामिबियाच्या खेळाडूंनी मॅचनंतर त्याच्याशी हात मिळवायला नकार दिला. डिसेंबर २०२३ला कोर्टानं दोषी ठरवलं, जानेवारीत आठ वर्षांची शिक्षा, आणि मे २०२४ला वरच्या कोर्टानं निर्दोष सोडलं. आता सांगा, कोणाचं बरोबर होतं? ज्यांनी हात नाही मिळवला त्यांचं, का बोर्डाचं, का खालच्या कोर्टाचं? मला नाही सांगता येत. पण एक मला कळतं की जामीन म्हणजे क्लीन चिट नव्हे, जामीन फक्त एवढंच सांगतो की खटला संपेपर्यंत या माणसाला आत ठेवायची गरज नाही, आणि आपल्याकडं जामीन मिळाला की फटाके वाजतात.

स्पॉट फिक्सिंगचा, म्हणजे पैसे घेऊन मुद्दाम खराब खेळण्याचा, विषय यात घालू नका अशी विनंती आहे, कारण तिथं खेळाशीच बेइमानी केल्याचा आरोप असतो आणि बोर्डाला स्वतःची चौकशी करता येते. २०१३ला आयपीएलमध्ये श्रीसंत, आपला मुंबईचा अंकित चव्हाण आणि चंडिला यांना पकडलं, २०१५ला दिल्लीच्या कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं तरी बोर्डाची बंदी तशीच राहिली, पुढं ती सात वर्षांवर आली. कोर्टाचा पुरावा वेगळा आणि बोर्डाच्या शिस्तीचा पुरावा वेगळा, हे समजू शकतं. पण खून, बलात्कार, मारहाण याची चौकशी बोर्ड काय करणार, ते त्यांचं काम नाही आणि त्यांना जमणारही नाही.

मग करायचं काय. मी ज्या शाखेत आयुष्य काढलं तिथलं सांगतो. सरकारी कर्मचारी कोणत्याही गुन्ह्यात ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं मानलं जातं, आमच्याकडं त्याला मानीव निलंबन म्हणतात, साहेबांना तो आवडतो का नावडतो याचा तिथं संबंध नसतो. शिपाई असो नाहीतर क्लास वन. निलंबन ही शिक्षा नाही हे पहिल्यापासून शिकवलं जातं. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराएवढा, आणि प्रकरण लांबलं व त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल तर तो वाढवता येतो, ठराविक काळानं आढावा घ्यायचा असतो, निर्दोष सुटला तर तो काळ कामावर धरून फरक देता येतो. मी स्वतः असे किती आदेश टाइप केलेत, सगळे काही चांगले हाताळले गेले असं नाही, आढावा वेळेवर न घेतल्यामुळं माणसं वर्षानुवर्षं घरी बसलेली पण बघितली. तरी एक होतं की त्या माणसाच्या घरात चूल पेटायची आणि ज्यानं तक्रार केलीय त्याला हे दिसायचं की कार्यालयानं दखल घेतलीय. तलाठ्याला जो नियम लागतो तो करोडोंचं कॉन्ट्रॅक्ट असलेल्या खेळाडूला का नसावा हे मला कोणी समजावून सांगावं.

ऑस्ट्रेलियात रग्बी लीगवाल्यांनी २०१९ला असाच नियम केला. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ११ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकते असा आरोप पोलिसांनी ठेवला की खेळाडू आपोआप बाजूला, त्यात त्याचा दोष गृहीत धरलेला नाही, पगार पूर्ण चालू, क्लबबरोबर प्रॅक्टिस करता येते, फक्त मॅच खेळता येत नाही. जॅक डी बेलिन नावाचा खेळाडू त्याविरुद्ध कोर्टात गेला, मे २०१९ला हरला. २०१९ आणि २०२०चे दोन पूर्ण सीझन त्याचे गेले, एकदा ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा एका आरोपातून सुटला आणि बाकीच्यांवर परत एकमत नाही, शेवटी मे २०२१ला सरकारनंच उरलेले आरोप सोडून दिले आणि जूनमध्ये तो परत खेळला. त्याची एक तक्रार मला योग्य वाटते. त्याच्यावर आरोप डिसेंबर २०१८ला आला आणि नियम आला फेब्रुवारी २०१९ला, म्हणजे माणूस समोर ठेवून नियम केला. म्हणून म्हणतो, कोणाचं नाव समोर नसताना नियम करून ठेवा, शांतपणे.

पण तिथला नियम जसाच्या तसा उचलून आणला तर आपल्याकडं अनर्थ होईल. तिथं दोन-अडीच वर्षांत संपलं, आमच्या कोपऱ्यातल्या पोराला सात वर्षं लागली आणि सिद्धूच्या खालच्या कोर्टाला अकरा. शिवाय आपल्याकडं एफआयआर म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला विचारा, भांडण एकाशी असतं आणि नावं नऊ जणांची असतात. त्यामुळं एफआयआरवर कोणाला बाहेर काढू नये असं माझं ठाम मत आहे. पोलिसांनी चार्जशीट दिलं आणि त्यावर न्यायाधीशानं दोन्ही बाजू ऐकून आरोप निश्चित केले, म्हणजे निदान एका तटस्थ माणसानं कागद वाचून सांगितलं की यात खटला चालवण्यासारखं काहीतरी आहे, त्या दिवसापासून गंभीर गुन्ह्यात खेळाडूनं बाजूला थांबावं. कोठडीत असेल तर प्रश्नच नाही. कॉन्ट्रॅक्टचे पैसे चालू ठेवा, सगळे नाही तर निदान अर्धे, प्रॅक्टिसला येऊ द्या, आणि दर तीन महिन्यांनी बोर्डाच्या बाहेरच्या माणसांनी, एखाद्या रिटायर्ड न्यायाधीशानं, आढावा घ्यावा की केस पुढं सरकतीये का, आणि सरकत नसेल तर कोणामुळं. खेळाडूच तारखा मागत असेल तर बाहेरच ठेवा. तो तयार आहे आणि सरकारी वकीलच येत नाही असं दोन वर्षं चाललं तर त्याला खेळू द्या, कोर्टाच्या दिरंगाईची शिक्षा त्याला नको. सुटला तर राहिलेले पैसे द्या आणि निवड चाचणीला बोलवा, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

काही लोक म्हणतील की खेळला तर त्या केसवर काय फरक पडतो, खेळ वेगळा आणि कोर्ट वेगळं. फरक पडतो हो. पैलवान सुशील कुमारचं बघा, ऑलिम्पिकमध्ये २००८चं कांस्य, २०१२चं रौप्य, आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान होता, आमच्या तालमीत त्याचा फोटो होता. मे २०२१ला दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सागर धनखड हा तरुण पैलवान मारहाणीत गेला, ज्युनियर राष्ट्रीय विजेता होता तो, त्याचे वडील दिल्ली पोलिसात हेड कॉन्स्टेबल. सुशीलला अटक झाली, २०२२ला आरोप निश्चित झाले, मार्च २०२५ला हायकोर्टानं जामीन दिला आणि त्या जामिनाविरुद्ध सागरचे वडील सुप्रीम कोर्टात गेले, तिथं ऑगस्ट २०२५ला जामीन रद्द झाला. त्या वडिलांच्या वकिलांचा एक मुद्दा हाच होता की साक्षीदारांवर दबाव येतोय. खटला अजून संपलेला नाही त्यामुळं सुशील दोषी आहे असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण ज्या आखाड्यातली पोरं साक्षीदार आहेत त्याच आखाड्यात ज्याचं नाव चालतं, ज्याच्या शब्दावर पुढची निवड, नोकरी ठरू शकते, त्याच्यासमोर उभं राहून एखादा १९ वर्षांचा पैलवान कसा बोलेल? मैदानावर टाळ्या वाजतात ना त्या त्या पोराला पण ऐकू येतात. आमच्या गावातली ती मिरवणूक त्या मुलीला ऐकू आली तशाच.

ऑगस्ट २०२५ला संसदेनं क्रीडा प्रशासनाचा नवीन कायदा केला, त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आहे, खेळाडूंच्या वादांसाठी न्यायाधिकरण आहे. असा नियम तिथं बसू शकतो, आणि तो सगळ्या खेळांना एकच असावा, क्रिकेटला एक आणि कुस्ती-कबड्डीला दुसरा असं नको, आणि फेडरेशनच्या पदाधिकाऱ्यांनाही तोच लावावा, खेळाडू बाहेर आणि आरोप असलेला अध्यक्ष खुर्चीत असं चित्र आपण बघितलंय. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या मंडळांसाठी एक पानाचा नमुना करून पाठवला तरी चालेल, आमच्यासारख्यांना मीटिंगमध्ये तो कागद पुढं ठेवता येईल, कारण गावात तोंडानं विरोध करणं फार अवघड असतं, कागद असला की बरं पडतं.

पत्र खूप लांबलंय. जागेअभावी कापायचं झालं तर परदेशातली उदाहरणं कापा, पण त्या टेम्पोवाल्या पोराचा आणि कॉलेज सोडलेल्या मुलीचा मजकूर कृपया एकत्रच छापा, दोघांपैकी एकच ठेवू नका.

आपला,
एक जुना कबड्डीपटू आणि निवृत्त जि. प. कर्मचारी, जि. सांगली